तोकुझोदादाचे बिनमिठाचे तीन दिवस

आमच्या ओनेझावा गावात एखादा माणूस अचानक आडवा झाला की "त्याला लागलं" म्हणतात. काय लागलं, कुठं लागलं, कोणी विचारत नाही. डोक्यातली नस फुटते, माणूस पडतो, आणि उठलाच तर अर्धा उठतो. मी चौथीत असताना आमच्या मास्तरांना फळ्यापाशी लागलं. "सात नव्वे" म्हणाले आणि थांबले. आम्ही पोरं "त्रेसष्ट" म्हणून मोकळी झालो, मास्तर काही पुढं सरकेनात. खडू फळ्यावर टेकलेलाच होता, आणि त्याची रेघ हळूहळू खाली, खाली, पार जमिनीपर्यंत आली. माझं शिक्षण तसं त्याच शाळेत सुरू झालं आणि तिथंच संपलं, पण ती रेघ अजून मला पाटीवर काढून दाखवता येईल.

डिसेंबरात बर्फ पडायला लागला की बायका मनात यादी करायच्या. या थंडीत कोण? मोठ्यानं कोणी बोलत नसे. यादी मात्र प्रत्येक घरात असे, आणि मार्चपर्यंत तिच्यातलं एखाददुसरं नाव खरं ठरे.

तोकुझो हाताकेयामाचं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, शेजारच्या घरातला, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. कोळसा पाडणाऱ्याचा मुलगा. दोन खांद्यांवर दोन तांदळाची पोती घेऊन चढ चढायचा आणि वर पोचल्यावर पोती खाली न ठेवता गप्पा मारत उभा राहायचा, म्हणजे बघणाऱ्यालाच दम लागायचा. बर्फ दोन माणसं उंच झाला की आमच्या वरच्या वस्तीतल्या बेचाळीस छपरांवरून तो काढायचं काम ज्या टोळीकडं असे, तिचा तो म्होरक्या. पुढं वस्तीचा प्रमुखही झाला. लग्नात सासूनं धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं वाढलं, तर पाहुण्यांदेखत हा म्हणाला, "मीठ कमी आहे."

नवी नवरी किसा मान खाली घालून बसली होती. तशीच बसून म्हणाली, "कमी वाटत असेल तर वरून घाम गाळा. पुष्कळ आहे तुमच्याकडं."

माणसं हसून हसून लोळली. दादा त्यानंतर तीस वर्षं सांगत फिरला, की त्याच क्षणी मला कळलं, हिच्याशी जन्मभर पटणार.

त्या लोणच्याबद्दल सांगायलाच हवं. मुळे चुलीवर टांगून धुरात काळपट होईपर्यंत ठेवायचे, मग कोंडा आणि मीठ घालून पिंपात दगडाखाली दाबायचे. हिवाळ्यात दुसरी भाजी कुठली? सकाळी दहाला आणि दुपारी तीनला शेजारीपाजारी चहाला जमतात, आणि घरची बाई लोणच्याचा तुकडा पाहुण्याच्या थेट तळहातावर ठेवते. ताटलीत ठेवलेलं नको म्हणता येतं, तळहातावरचं येत नाही. परत केलं तर त्या घराचा हात नाकारल्यासारखं होतं. दिवसात चार घरी गेलात तर चार घरांचं मीठ पोटात. शिवाय सकाळ-संध्याकाळ मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खाऱ्या सोयाबीनचं, सार, आणि खारवलेला मासा असा, की नखाएवढ्या तुकड्यावर वाटीभर भात जावा.

मग आरोग्य केंद्राच्या यानागीबाई आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बर्फात कमरेपर्यंत रुतल्या तरी हातातली रक्तदाब मोजायची पेटी डोक्यावर धरून चालणाऱ्या. त्यांनी वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि एप्रिलात, सगळ्यांचे दाब मोजायला सुरुवात केली. आणि लोकांना चेव यावा म्हणून भल्या मनानं एक गोष्ट केली. गावातल्या तिन्ही वस्त्यांचे सरासरी आकडे मोठ्या कागदावर लिहून सभागृहाच्या भिंतीवर लावले.

वरची वस्ती शेवटची आली.

त्या वर्षीच्या जेवणावळीत नदीकाठच्या वस्तीचा प्रमुख पेला हातात धरून ओरडला, "ओ वरच्या वस्तीवाले! तुमचं रक्त थोडं पाठवून द्या, आमचे मुळे खारवायचे राहिलेत!"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. दादा हसला नाही. घरी येताना माझ्या दारापाशी थांबून म्हणाला, "सेइसाकु, पुढच्या खेपेला आपण पहिले."

"कसे?"

"तीन दिवस मीठ बंद."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर जेवायचं!"

तिथून हे सुरू झालं. मोजणीच्या तीन दिवस आधी दादा घरोघर जायचा आणि लोणच्याच्या पिंपाला सुंभाची दोरी बांधायचा. गाठ त्याची स्वतःची, कोळशाच्या गोणीला मारतात तशी, दुसऱ्या कुणाला सोडून पुन्हा तशी बांधता यायची नाही. सार नाही, मासा नाही, साकेची दारू नाही. नुसता भात आणि उकडलेले बटाटे. रोज दोनदा गरम पाण्याच्या झऱ्यात बसायचं. मोजणीच्या दिवशी सावकाश चालत जायचं, आणि दंडाला पट्टा आवळला की पोट सैल सोडून मनात उन्हाळ्यातली नदी आणायची. हे शेवटचं दादानं स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान.

बायका कुरकुरायच्या. "तिसऱ्या दिवशी बटाटा सासूसारखा दिसायला लागतो," किसावहिनी म्हणायची. पण दोरी कोणी सोडली नाही. वस्तीच्या अब्रूचा प्रश्न होता. बाहेर एक अक्षर कोणी बोललं नाही, चहाला आलेल्या परगावच्या व्याह्यांपाशीसुद्धा.

आणि आम्ही पहिले आलो. एकदा नाही, सलग सात वेळा. दरवेळी प्रशस्तिपत्र, लाल शिक्का मारलेलं. दादाचा स्वतःचा आकडा एकशे चौतीस, एकशे अडतीस, असा नव्या नवरदेवासारखा. यानागीबाई इतर वस्त्यांत जाऊन सांगायच्या, वरच्या वस्तीच्या तोकुझोकाकांकडं बघा, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि दाब बघा त्यांचा!

मोजणी संपली की दादा हसत हसत दोऱ्या सोडत फिरायचा. त्या रात्रीचं जेवण कसं असायचं याची कल्पना करा. तीन दिवस उपाशी राहिलेली जीभ! लोक लोणचं ताटात घेत नसत, पिंपापाशीच बसत.

आता ज्याकडं आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली होती ते सांगतो. भिंतीवरचे आकडे दर वर्षी सुधारत होते, आणि स्मशानाकडच्या वाटेवरचा बर्फ दर वर्षी तितक्याच वेळा काढावा लागत होता. पाचव्या खेपेला आमच्या टोळीतल्या गिन्पेईचा दाब एकशे बत्तीस भरला. मोजणीनंतर चौथ्या दिवशी सकाळी बुटांची नाडी बांधताना त्याला लागलं. यानागीबाई अंत्ययात्रेला आल्या होत्या. वही उघडून त्याचा आकडा पुन्हा पुन्हा बघत होत्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एकशे बत्तीस होता हो." मी म्हणालो, "हो, बाई." एवढंच म्हणालो.

शोवा सत्तावन्नच्या, म्हणजे एकोणीसशे ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर शहरातून एक डॉक्टरीणबाई आल्या. मिकामी आडनाव. तिशीच्या, चष्मा, बोटं लांब आणि कायम गार. त्या दाब मोजून थांबल्या नाहीत, चाळीस जणांचं रक्त काढून घेतलं. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये कॅल्शियम किती आहे आणि दाब वाढण्याशी त्याचा काही संबंध आहे का, ते त्यांना शोधायचं होतं.

"कॅल्शियम?" दादा बाही सरसावून म्हणाला. "ते हाडांत असतं ना? दुधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं."

"हाडांत असतंच. रक्तात, पेशीतही असतं थोडं."

"काढा, काढा. भरपूर काढा. माझ्याकडं कमी नसणार."

जानेवारीच्या शेवटी यानागीबाईंकडून निरोप आला: चाळीस जणांत सर्वांत जास्त कॅल्शियम तोकुझोकाकांच्या पेशींत सापडलं, डॉक्टरांना त्यांना पुन्हा भेटायचंय. दादानं फक्त पहिलं अर्धं ऐकलं. "सर्वांत जास्त" हे शब्द त्याला आकडे बघत जगण्याच्या सवयीनं बक्षिसासारखेच वाटले. तीन दिवस वस्तीत सांगत हिंडला, "ऐकलंत का? माझ्या रक्तालासुद्धा हाडं फुटली!" बर्फ काढताना टोळीतली पोरं फावडी टेकून हसत होती. मीही म्हणालो, "दादा, आता तू मेलास की हाडांबरोबर रक्तसुद्धा पुरावं लागणार." त्या दिवशी हे वाक्य फार मजेचं वाटलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी, बरोबर दहाच्या चहाला, कसलीही सूचना न देता दोघी दारात उभ्या राहिल्या. मी दादाकडंच होतो. रजईखालच्या शेगडीशी पाय घालून आम्ही बसलो होतो, माझ्या तळहातावर मुळ्याचा तुकडा, दादाच्या तोंडात दुसरा. किसावहिनी सवयीनं पुढं झाली आणि डॉक्टरीणबाईंच्या गार तळहातावर तिनं लोणचं ठेवलं. बाईंनी ते खाल्लं. खाऊन झाल्यावर चहाचे दोन घोट सलग घेतले.

"चविष्ट आहे," म्हणाल्या. "रोज किती तुकडे होतात, काका?"

"मोजतंय कोण?"

"आणि नोव्हेंबरात, मी आले होते त्या आठवड्यात?"

दादा चावायचा थांबला. वहिनीनं किटली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

यानागीबाईंनी न बोलता पेटी उघडली. पट्टा बांधला. मला दादाचं पोट दिसत होतं, तो ते सैल सोडायचा प्रयत्न करत होता, पण नदी काही मनात येत नसावी. पारा वर गेला आणि खाली यायला फार वेळ लागला. बाईंनी पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर. वहीत लिहून वही डॉक्टरीणबाईंकडं फिरवली. मी शेजारी बसलो होतो, मला दिसलं. दोनशे सोळा आणि एकशे अठरा.

"शेजारचा माणूस बसलाय," दादा म्हणाला. "लाज वाटून वाढला असेल."

"वाढतो थोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऐंशीनं नाही वाढत. काका, मी तुमच्यावर रागवायला आलेली नाही. माझ्या कामात एक घोळ झालाय. ज्यांचा दाब जास्त, त्यांच्या बहुतेकांच्या पेशींत मला कॅल्शियम जास्त दिसलं. ज्यांचा कमी, त्यांच्यात कमी. आणि एका माणसाचा दाब गावात सर्वांत चांगला, पण कॅल्शियम सर्वांत जास्त. तेव्हा मी म्हटलं, एक तर माझं यंत्र चुकतंय, नाहीतर हा पट्टा."

"म्हणजे कॅल्शियम जास्त असणं चांगलं नाही?" वहिनीनं विचारलं.

बाईंनी खिडकीकडं पाहिलं. पलीकडं आमच्या टोळीची पोरं माझ्याच छपरावरचा बर्फ काढत होती.

"ते बघा. बर्फ बाहेर असला तर काही बिघडत नाही. तो पडणारच. पेशीच्या बाहेर कॅल्शियम असंच सदासर्वकाळ पडत असतं, आणि आत थोडं थोडं साचतं. पेशीत एक फावडं असतं म्हणा, ते सारखं ते बाहेर टाकत राहतं. फावडं थकलं, की आत साठत जातं. मग पेशी कडक होते. जी नस तिच्याहूनही बारीक असते तिच्यातून तिला दुमडून, वाकून जायचं असतं. कडक झालेली पेशी वाकत नाही."

"आणि नस?" मी विचारलं.

"नसेच्या भिंतीतही स्नायू आहेत. त्यांच्यात कॅल्शियम साठलं तर नस आवळली जाते. पण तुमची नस कापून मला बघता येत नाही ना. म्हणून रक्ताची पेशी बघते. जे फावडं तिथं थकलंय, तेच इथंही थकलं असेल का? ठाऊक नाही. कॅल्शियममुळं दाब वाढतो की दाबामुळं कॅल्शियम, तेही अजून नक्की कळलेलं नाही. हे भविष्य नाही, काका. पण दोनशे सोळा खरा आहे. तो माझ्या यंत्राचा नाही."

"तीन दिवसांत पेशी सुधारत नाही?" दादानं विचारलं. इतक्या हळू, की यानागीबाईंना पुढं वाकावं लागलं.

"तांबडी पेशी चार महिने जगते. दाब तीन दिवसांत फसतो. ती नाही फसत."

बेचाळीस छपरांचा बर्फ काढणाऱ्या माणसाला आणखी समजावायची गरज नव्हती. अर्धा हात बर्फ तुळई पेलते. दोन हात पेलते. मग एका दिवशी, वारासुद्धा नसताना, मोडते. दादा छपराकडं बघत बसून राहिला.

"किती घरं?" यानागीबाईंनी विचारलं. त्या रडत नव्हत्या, पण आवाज तसा होता. "काका, किती घरं असं करतात?"

यानागीबाईंनी वही परत घेऊन मागची पानं उलटली.

"गिन्पेईनंही?"

मी माझ्या तळहातावरच्या मुळ्याकडं पाहत राहिलो. तो तसाच होता.

शेवटी दादा म्हणाला, "मी सांगेन. सगळ्यांदेखत, माझ्या तोंडानं. मार्चअखेर वस्तीची सभा असते. तोवर तुम्ही काही बोलू नका. मी सुरू केलं, मीच सांगेन."

"तोवर गोळ्या घ्याल?"

"आधी सांगेन. मग घेईन."

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं. दादाचं म्हणणं एकच: लोकांना खोटं वागायला लावून मी आपला गुपचूप औषध घेऊ? औषधाच्या खिडकीवर नाव पुकारतात, "तोकुझो हाताकेयामा, दाबाच्या गोळ्या." ते सभेच्या आधी ऐकू गेलं तर मी दोनदा खोटा ठरेन. बाईंनी गोळ्यांचं पाकीट शेगडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी एप्रिलपर्यंत थांबते. मला हे बरोबर वाटत नाही, पण थांबते. छपरावर मात्र चढू नका."

त्या गेल्यावर वहिनीनं पाकीट उचललं. "उघडा तोंड."

"किसा."

"तीस वर्षं तुमच्या ताटात काय पडेल ते मी ठरवलं. उघडा."

"सभेनंतर."

पुढचे पाच आठवडे मी रोज त्या घरी जात होतो. वहिनी मला दारातच अडवायची. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. माझं मुळ्याएवढंही ऐकत नाहीत." मी सांगायचो. दादा सभेत काय बोलायचं ते मला बोलून दाखवायचा. सुरुवात कशी करावी याचे त्यानं सात-आठ प्रकार केले होते. "माझ्या वस्तीकर भावांनो" म्हणू, की नुसतं "मी चुकलो" म्हणू? मी म्हणायचो, "दादा, तू फक्त गोळी घे, भाषण मी लिहून देतो." तो म्हणायचा, "तुझं शुद्धलेखन मला माहितीय." आम्ही हसायचो. पण बोलता बोलता तो मधेच कपाळावर हात दाबायचा, आणि मी बघतोय असं दिसलं की टोपी सारखी करायचा.

आणि माझ्या घरी? माझ्या घरी पिंप उघडंच होतं. मी दादाला गोळी घे म्हणून येत होतो आणि घरी जाऊन भातावर खारवलेला मासा घेत होतो. माझा खरा दाब मी कुणाला विचारला नव्हता.

मार्चच्या तेविसाव्या तारखेला, आता थंडी गेली असं सगळे म्हणत असताना, ओला, जड बर्फ दोन दिवस पडला. ओला बर्फ वाईट. टोळीतली निम्मी पोरं शहरात कामाला गेली होती. गिन्पेईच्या विधवा बायकोच्या घराची तुळई कुरकुरायला लागली. दादा शिडी घेऊन निघाला. वहिनीनं अंगणात त्याच्या कोटाची बाही धरली. मी कुंपणापलीकडून ऐकलं.

"नका जाऊ. मुकाट्यानं बसा घरी."

"तिच्या डोक्यावर छप्पर पडेल, किसा."

"पडू दे. बाईला आपल्याकडं आणते."

"आणि छप्पर कोण आणील?" म्हणून तो गेला.

मी मागोमाग गेलो. भर दुपार होती, ऊन आलं होतं, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. दादा आढ्यावर उभा राहून बर्फाचे चौकोनी तुकडे कापून खाली ढकलत होता, नेहमीसारखा, एका लयीत. खाली मी ते बाजूला ओढत होतो. एक तुकडा पडला, दुसरा पडला. तिसरा आला नाही.

वर पाहिलं. दादा आढ्यावर बसला होता, फावडं मांडीवर, जणू विडी ओढायला टेकलाय. "दादा!" मी हाक मारली. त्यानं मान वळवली. तोंडाची एक बाजू माझ्याकडं बघून हसत होती, दुसरी हसत नव्हती.

छपरावरून त्याला दोरीनं खाली आणायला चार माणसं आणि एक तास लागला. तो जगला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. ऐकू येत होतं, समजत होतं, ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचं. सभेच्या दिवशी तो इस्पितळात होता. सभेत मी होतो. प्रमुखाची जागा रिकामी ठेवली होती. मी उठून सांगू शकलो असतो. मी बसून राहिलो. दादानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, ते मी कसं सांगू, असं मी मनाशी म्हणालो. ते सोयीचं होतं.

मग एप्रिलची मोजणी आली. आणि आमच्या वस्तीनं काय केलं ठाऊक आहे? तीन दिवस आधी, कोणी न सांगता, बायकांनी आपापल्या पिंपांना दोऱ्या बांधल्या. दादासारखी गाठ कुणालाच येईना, तर कशीबशी बांधली. "तोकुझोदादासाठी," म्हणाल्या. "त्याच्या आजारपणात वस्तीचं नाव खाली जायला नको." माझ्या बायकोनंही बांधली. मी बटाटे खाल्ले.

सभागृहात चटया अंथरल्या होत्या. सत्तर-ऐंशी माणसं. सगळे सावकाश चालत आलेले, पोटं सैल सोडून बसलेले. पुढं टेबलाशी यानागीबाई आणि डॉक्टरीणबाई. तेवढ्यात दार सरकलं आणि किसावहिनी इस्पितळातून घरी आणलेल्या दादाला उरल्यासुरल्या बर्फावरून घसरगाडीत घेऊन आली. दोघा पोरांनी उचलून त्याला सर्वांत पुढं, लोकांकडं तोंड करून बसवलं. तसंच बसवा म्हणून त्यानं डाव्या हातानं खूण केली होती.

लोक उठून वाकून नमस्कार करू लागले. मागून कोणी तरी म्हणालं, "दादा, काळजी नको, यंदाही पहिले!"

दादाचा चेहरा हलला नाही.

डॉक्टरीणबाई उठल्या. "मोजणीच्या आधी एक गोष्ट," म्हणाल्या. "ही गोष्ट काका सांगणार होते. मी त्यांना शब्द दिला होता की मी सांगणार नाही. ते आता बोलू शकत नाहीत, म्हणून मी फक्त विचारते." आणि त्या त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "काका, मोजणीच्या आधी तीन दिवस तुम्ही मीठ सोडत होता?"

दादानं मान हलवली. हो.

सभागृहात कोणी खोकलं.

"तुम्ही एकटेच?"

दादानं आमच्याकडं पाहिलं. मग डावा हात मांडीवरून वर आला. त्याचं एक बोट ताठ होतं. ते पहिल्या रांगेतल्या सुताराकडं गेलं आणि थांबलं. मग त्याच्या बायकोकडं. मग टपालवाल्याकडं. प्रत्येकाशी ते बोट नीट थांबत होतं, घाई नाही, दोऱ्या बांधत घरोघर हिंडायचा तसंच. ज्याच्याकडं ते वळायचं तो आधी खाली बघायचा आणि मग, का कोणास ठाऊक, स्वतःच्या उजव्या हाताकडं बघायचा. गिन्पेईच्या बायकोशी बोट आलं तेव्हा ती रडायला लागली. दादानं बोट मागं घेतलं नाही. रडणं थोडं कमी झाल्यावरच ते पुढं सरकलं.

शिक्षा करत होता असं काही म्हणतात. मी त्याचे डोळे पाहिले. तो आम्हाला मोजत होता. हिवाळ्याआधी बायका मनात करतात ती यादी तो पहिल्यांदा उजेडात, नावानिशी करत होता, आणि त्याला कोणाचंही नाव गाळायचं नव्हतं.

यानागीबाईंनी वही मिटली. "आज कोणाचं लिहीत नाही," म्हणाल्या. "घरी जा. रोज जेवता तसं जेवा. पुढच्या गुरुवारी या."

कोणी उठलं नाही. बोट अजून फिरत होतं. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी मी बसलो होतो. ते माझ्याकडं आलं तेव्हा मला वाटलं, आता हसेल, त्याची अर्धी बाजू तरी. तो हसला नाही.

मी उठलो, टेबलापाशी गेलो आणि बाही वर सारली.

"आजच मोजा बाई," मी म्हणालो. "तीन दिवस बटाटे खाल्लेत. तरीही मोजा. आणि रक्तही काढा."

डॉक्टरीणबाईंची बोटं तशीच गार होती. पट्टा आवळला. बटाट्यांच्या तीन दिवसांनंतरही पारा एकशे ब्याऐंशीवर गेला. बाईंनी तो आकडा मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि माझ्या मागं चटईवरून एकेक माणूस उठल्याचा आवाज यायला लागला.